‘सेट’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी इंग्रजी शब्द निवडावा, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा सयाजीराव महाराजांचा राज्यकारभार असा एखादा विषय आपण अपेक्षिला असेल. मी मात्र आज ‘सेट’ ह्या शब्दाविषयी बोलणार आहे. रोमन लिपीत तो तीन अक्षरांचा, देवनागरीत दोन अक्षरांचा. पण त्याच्या पोटात मावलेला संसार एखाद्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यासारखा आहे.

ह्या निवडीला कारण आहे. आपल्या बडोद्यातील मराठी घरांतली मुले घरी मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, चित्रपटांतून हिंदी ऐकतात आणि पुस्तकात इंग्रजी वाचतात. त्यांच्या पालकांची एक समजूत वारंवार माझ्या कानांवर येते. इंग्रजी चांगले यायचे असेल, तर मराठी थोडी मागे सारली पाहिजे, असे त्यांना वाटते. मग एका इंग्रजी शब्दापुढे एक प्रतिशब्द लिहून पाठांतर सुरू होते. ‘सेट म्हणजे ठेवणे’ असे वहीत लिहिले, की काम संपले! पुढे हाच शब्द निराळ्या वाक्यात भेटला, की मुलगा गोंधळतो आणि इंग्रजी ही बेशिस्त भाषा आहे असा निष्कर्ष काढतो. ज्या मराठीला आपण मागे सारू पाहतो, तीच हा गोंधळ सोडविण्यास कशी उपयोगी पडते, एवढेच मला आज दाखवावयाचे आहे.

कोशातील पसारा

प्रथम ह्या शब्दाचा पसारा पाहू. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली प्रसिद्ध झाला आणि मूळ काम १९२८ साली पुरे झाले. ‘सेट’ ज्या विभागात येतो, त्याचे संपादन हेन्री ब्रॅडली ह्यांच्याकडे होते. ह्या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तीत ‘सेट’ ह्या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदलेले असून ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. साठ हजार शब्द म्हणजे आपल्याकडचे दीड-दोनशे पानांचे एक पुस्तकच झाले. त्या आवृत्तीतील ही सर्वांत लांब नोंद होय. पुढे कोशाचे पुनःसंपादन सुरू झाले, तेव्हा ‘रन’ ह्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि हा मान त्याच्याकडे गेला.

हे आकडे ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. अर्थ मोजणे हे नाणी मोजण्यासारखे नसते. घड्याळ ‘सेट’ करणे, सापळा ‘सेट’ करणे आणि जेवणाचे टेबल ‘सेट’ करणे हे तीन अर्थ मानावयाचे, की ‘नीट लावून ठेवणे’ ह्या एकाच अर्थाचे तीन उपयोग मानावयाचे, हे कोशकार ठरवितो. आपल्या मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात ‘लागणे’, ‘बसणे’, ‘मारणे’, ‘काढणे’ अशा क्रियापदांपुढेही अर्थांची रांग लागलेली दिसते. रोजच्या वापरातले लहानसे क्रियापद जितके जुने, तितके ते अधिक कामे अंगावर घेते. घरातल्या जुन्या जाणत्या गड्याला जशी सगळे हाक मारतात, तसेच हे आहे.

बसणे आणि बसविणे

आता कुळकथेकडे वळू. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे मुळात बसविणे. ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे. इंग्रजीत अशा जोड्या फार उरलेल्या नाहीत, पण ज्या आहेत त्या बोलक्या आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘लाय’ म्हणजे पडून राहणे, ‘ले’ म्हणजे ठेवणे किंवा निजविणे. ‘राइज’ म्हणजे उठणे, ‘रेझ’ म्हणजे उठविणे. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चढणे-चढविणे ह्या जोड्या लहान मुलालाही ठाऊक असतात. म्हणजे इंग्रज विद्यार्थ्याला जी गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावी लागते, ती मराठी मुलाच्या जिभेवर आधीपासूनच असते.

हे साम्य योगायोगाचे नाही. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषांचे मूळ एक असावे असा विचार मांडला. इंग्रजीही त्याच इंडो-युरोपीय कुळातली आहे. ‘सिट’चा मूळ धातू तोच आपला संस्कृत ‘सद्’ धातू. ‘सद्’चे प्रयोजक रूप ‘सादयति’, म्हणजे ‘तो बसवितो’. जुन्या जर्मानिक भाषेत ज्या घडणीने ‘सेट’ तयार झाला, नेमक्या त्याच घडणीने ‘सादयति’ हे रूप तयार झालेले आहे. ही दोन चुलतभावंडे आहेत, आणि त्यांचा चेहरा अजून ओळखू येतो.

‘सद्’ धातूची आपल्याकडची लेकरे पाहा. सदन म्हणजे बसण्याची, राहण्याची जागा. परिषद, संसद, सभासद, सदस्य ह्या शब्दांत माणसे एकत्र बसलेली आहेत. उपनिषदात शिष्य गुरूजवळ बसलेला आहे. पक्ष्याचे घरटे म्हणजे ‘नीड’, हा शब्दही ‘नि’ आणि ‘सद्’ ह्यांपासून झालेला आहे, आणि इंग्रजीतला घरट्याचा ‘नेस्ट’ त्याचाच सख्खा भाऊ आहे. फारसीतून आलेला ‘नशीन’ ह्याच घराण्यातला. सयाजीराव महाराज १८७५ साली गादीनशीन झाले असे आपण म्हणतो, तेव्हा अभावितपणे ह्याच धातूचा उच्चार करीत असतो.

मराठी ‘बसणे’ मात्र ‘सद्’पासून आलेले नाही. ते ‘उपविश्’पासून प्राकृतमार्गे, जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’ ह्या रूपातून आलेले आहे. तरीही ‘बसविणे’ आणि ‘सेट’ ह्यांचे अर्थ थेट एकाच दिशेने वाढले आहेत. रक्ताचे नाते नसतानाही दोघांनी सारख्याच वाटा चोखाळल्या. त्यावरून असे दिसते, की ह्या अर्थांचे मूळ माणसाच्या शरीराच्या अनुभवात आहे. बसणे म्हणजे काय, हे लंडनच्या माणसाला आणि बडोद्याच्या माणसाला सारखेच कळते.

अर्थाच्या चार वाटा

‘सेट’चे शेकडो उपयोग मला चार वाटांवर विभागलेले दिसतात.

पहिली वाट जागच्या जागी ठेवण्याची. सोनार हिरा कोंदणात बसवितो, हाडवैद्य निखळलेले हाड बसवितो, शेतकरीण खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविते. ह्या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ येतो आणि मराठीत ‘बसविणे’. आपण ह्याहून पुढे जातो. आपण गणपती बसवितो, घट बसवितो, नाटक बसवितो, सरकार कर बसविते आणि संसाराची घडी बसते. काही ठिकाणी मात्र मराठी आपले दुसरे क्रियापद पुढे करते. घड्याळ, सापळा, आग, गाण्याची चाल, वाफ्यातली रोपे ह्यांना आपण ‘लावणे’ वापरतो. बुद्धिबळाचा पट मांडतो, तारीख ठरवितो, प्रश्नपत्रिका काढतो आणि आदर्श घालून देतो. छापखान्यातला जुळारी खिळे जुळवीत असे. इंग्रजीत ह्या सगळ्यांना एकटा ‘सेट’ पुरतो. इंग्रजीने एका शब्दावर भार टाकला, मराठीने तो चार-पाच शब्दांत वाटून घेतला. कामे मात्र तीच आहेत.

दुसरी वाट घट्ट होण्याची. जी वस्तू जागेवर बसली, ती हळूहळू स्थिर होते आणि धरते. सिमेंट ‘सेट’ होते, जेली थिजते, दही लागते, झाडाला फळ धरते, कापडावर रंग पक्का बसतो. ‘सेट’ झालेली मते म्हणजे घट्ट झालेली, सहसा न बदलणारी मते. ‘सेट’ झालेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ. मराठीत एखाद्या कामावर हात बसतो, धंद्यात जम बसतो, मनात विश्वास बसतो, तसेच हे आहे.

तिसरी वाट खाली जाण्याची. सूर्य ‘सेट’ होतो, म्हणजे मावळतो. बसविणे आणि मावळणे ह्यांचा संबंध काय, असा प्रश्न येथे पडेल. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’ असा शब्द होता. त्याचा अर्थ आसनाकडे जाणे. दिवसभर चालून दमलेला सूर्य आपल्या बैठकीवर जाऊन टेकतो, ही त्यामागची कल्पना. आपण सूर्यास्त म्हणतो. वेदकाळच्या भाषेत ‘अस्त’ म्हणजे घर. सूर्य अस्ताला जातो म्हणजे घरी जातो. एकाने सूर्याला आसन दिले, दुसऱ्याने घर दिले. मराठीत बसण्याचा खाली जाण्याशी असलेला हा संबंध रोज दिसतो. घसा बसतो, गाल बसतात, गाळ तळाशी बसतो, मंदीत बाजार बसतो. संस्कृतात ‘सद्’ धातूची हीच छटा विषाद आणि अवसाद ह्या शब्दांत आहे, त्यांत मन खाली बसलेले असते. आणि त्याच धातूपासून ‘प्रसन्न’ झाला. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला, की पाणी निवळते, तसे निवळलेले मन म्हणजे प्रसन्न मन.

चौथी वाट आरंभाची, आणि ती सर्वांत चमत्कारिक. ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासाला निघणे. बसण्याच्या धातूतून निघण्याचा अर्थ कसा आला? आपल्याकडे ‘स्था’ म्हणजे उभे राहणे, थांबणे. त्याला ‘प्र’ लागला, की ‘प्रस्थान’ होते आणि थांबलेला मनुष्य चालू लागतो. पंचांगातला मुहूर्त साधण्यासाठी प्रवासाचे काही सामान आदल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवण्याची रीत होती. तिला ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात, त्यालाही आपण प्रस्थानच म्हणतो. सामान ठेवणे हाच निघण्याचा पहिला भाग झाला, हे एकदा ध्यानात आले, की ‘सेट आउट’ परका वाटत नाही.

ह्या चौथ्या वाटेवर बडोदेकरांना आणखी एक सोय आहे. इंग्रजीत हिवाळा ‘सेट इन’ होतो, म्हणजे येऊन स्थिरावतो. आपले गुजराती शेजारी पावसाळा सुरू झाला, की ‘चोमासुं बेठुं’ म्हणतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आपण पाडवा साजरा करतो, त्या दिवसाला ते ‘बेसतुं वर्ष’ म्हणतात, म्हणजे बसणारे वर्ष. गुजरातीत वर्ष बसते तेव्हा ते सुरू होते, इंग्रजीत सूर्य बसतो तेव्हा दिवस संपतो. एकाच क्रियेतून आरंभ आणि शेवट दोन्ही निघावेत, ह्यात विसंगती नाही. पाहुणा येऊन बसला, की मुक्काम सुरू होतो. वाटसरू दमून बसला, की चालणे संपते. बसणे एकच, पाहणाऱ्याची नजर कुठे आहे एवढाच फरक.

शब्दाच्या मागचा शेपटा

आपण पाहिलेले कित्येक अर्थ एकट्या ‘सेट’चे नाहीत. त्याच्या मागे आउट, इन, ऑफ, अप, असाइड असा एखादा शेपटा लागतो आणि अर्थ बदलतो. संस्कृतात हेच काम उपसर्ग करतात, फक्त ते पुढे बसतात. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार कसे होतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ज्याला आहार आणि संहार ह्यांतला फरक कळतो, त्याला ‘सेट अप’ म्हणजे उभारणे आणि ‘सेट इन’ म्हणजे येऊन स्थिरावणे ह्यांतला फरक कळायला वेळ लागू नये.

शेपटा पुढे आला, की काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, तर ‘अपसेट’ म्हणजे उलथणे, अस्वस्थ होणे. पण जुन्या इंग्रजीत ‘अपसेट’चा अर्थही उभारणे असाच होता, उलथण्याचा अर्थ मागाहून आला. तो जुना अर्थ एका ठिकाणी अजून टिकून आहे. लिलावाच्या जाहिरातीत ‘अपसेट प्राइस’ असे शब्द येतात. ती किंमत कोणाला अस्वस्थ करण्यासाठी नसते. ज्या रकमेच्या खाली बोली स्वीकारली जात नाही, अशी आधी उभी करून ठेवलेली ती रक्कम असते. शब्दाचा जुना अर्थ व्यवहाराच्या कोपऱ्यात असा शेकडो वर्षे जपला जातो.

दुसऱ्या घराण्यातला ‘सेट’

येथवर ज्याची कुळकथा सांगितली, त्याच्या शेजारी अगदी त्याच रूपाचा दुसरा ‘सेट’ राहतो. चहाच्या कपबश्यांचा सेट, पुस्तकांचा सेट, गणितातला सेट हा तो. त्याचे मूळ निराळे आहे. लॅटिनमध्ये अनुसरणे ह्या अर्थाच्या धातूपासून ‘सेक्ता’ शब्द झाला. त्याचा अर्थ अनुयायांचा समुदाय, पंथ. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि तेथे पहिल्या ‘सेट’च्या शेजारात राहून एकत्र ठेवलेल्या वस्तूंचा समूह असा अर्थ देऊ लागला. आज ही दोन घराणी इतकी मिसळली आहेत, की बोलणाऱ्याला फरक जाणवत नाही. ह्या दुसऱ्या ‘सेट’चाही संस्कृतात एक नातलग आहे. त्याच मूळ धातूचे संस्कृत रूप ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, आणि राजाच्या सोबत असणारा तो सचिव.

गणितात जर्मन गणितज्ञ गेओर्ग कँटर ह्यांच्या १८७४ सालच्या निबंधापासून ह्या कल्पनेचे शास्त्र झाले. भारतीय भाषांनी त्यासाठी जे शब्द घडविले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मराठी पाठ्यपुस्तकात ‘संच’, हिंदीत ‘समुच्चय’, गुजरातीत आणि कन्नडात ‘गण’, तेलुगूत ‘समिति’. म्हणून पुण्यातला मुलगा संच शिकतो, इंदूर-ग्वाल्हेरचा समुच्चय, बडोद्याचा आणि बेळगावचा गण, हैदराबादचा समिति. संच आणि समुच्चय हे दोन्ही शब्द गोळा करण्याच्या ‘चि’ धातूचे. समिति म्हणजे एकत्र येणे. आणि गण म्हणजे समूह, पण शंकराचे गण म्हणजे त्याचे अनुयायी. ‘सेक्ता’चा मूळ अर्थही अनुयायीच. गणिताचा शब्द घडविताना लॅटिन कोश कोणी उघडला नसेल, तरी अर्थ जुळला आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला हे दोन-तीन शब्द एकाच वेळी कानी पडतात. त्याला ते ओझे वाटू न देता, तिन्ही शब्द एकाच वस्तूला तीन बाजूंनी पाहतात हे शिक्षकाने दाखविले, तर त्या मुलाला एकभाषी मुलापेक्षा अधिक मिळते.

जेथे एक शब्द घर राखतो किंवा घालवितो

हे सारे विद्वानांचे मनोरंजन आहे असे वाटू नये, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थी माझ्याकडे न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन आला. त्याच्या विधवा मावशीच्या राहत्या घराचा वाद होता. ती वेळेवर हजर राहू न शकल्यामुळे तिच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झालेला होता. वकिलाने तो हुकूमनामा रद्द व्हावा म्हणून अर्ज केला आणि त्यावर हा आदेश झाला. त्यात हुकूमनामा ‘सेट असाइड’ करण्यात येत आहे, असे लिहिलेले होते. वकील परगावी होते. विद्यार्थ्याने ते वाक्य आपल्या फोनवर भाषांतरित करून पाहिले. उत्तर आले, ‘हुकूमनामा बाजूला ठेवला आहे’. घरातल्या मंडळींनी त्याचा अर्थ असा घेतला, की हुकूमनामा कायम आहे, त्याची अंमलबजावणी फक्त काही दिवस मागे पडली आहे. मावशींनी घर रिकामे करण्याची तयारी सुरू केली होती आणि समोरच्या पक्षाशी मिळेल त्या रकमेत तडजोड करण्यापर्यंत गोष्ट आली होती.

वास्तविक अर्थ नेमका उलट होता. न्यायालयाच्या भाषेत ‘सेट असाइड’ करणे म्हणजे रद्द करणे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधील आदेश ९, नियम १३ हा एकतर्फी हुकूमनामा असा रद्द करण्यासंबंधीच आहे. तो रद्द झाला, म्हणजे दावा मावशी जिंकल्या असे नव्हे, पण त्यांची बाजू ऐकून घेतली जाणार होती. मी त्याला हा अर्थ सांगितला आणि वकिलांशी दूरध्वनीवरून खात्री करून घेण्यास लावले. त्यांनीही तेच सांगितले. बांधलेले सामान मावशींनी पुन्हा सोडले.

आता हाच शब्दप्रयोग स्वयंपाकघरात पाहा. आजारी माणसासाठी थोडे दूध ‘सेट असाइड’ केले, म्हणजे राखून ठेवले. न्यायालयात तोच शब्द काढून टाकतो आणि स्वयंपाकघरात तोच जपून ठेवतो. ‘सेट ऑफ’ असाच आहे. प्रवासात त्याचा अर्थ निघणे, फटाक्याच्या बाबतीत उडविणे, आणि कायद्यात वजावट. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपले येणे वादीच्या रकमेतून वजा करून मागतो, ती वजावट. फौजदारी प्रकरणात आरोपीने निकालापूर्वी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेच्या मुदतीतून वजा होतात, तीही वजावटच. येथे एका शब्दाच्या अर्थावर एखाद्याच्या तुरुंगवासाचे दिवस मोजले जातात.

आपल्या पूर्वजांना ह्या गोष्टीचे गांभीर्य ठाऊक होते. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. आपल्याच ह्या शहरात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला आणि राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात एकत्र दिले गेले. कचेरीचा शब्द रयतेला कळला पाहिजे, नाहीतर राज्य कोणाचे आहे हेच तिला कळणार नाही, ही त्यामागची जाणीव होती.

मराठीत आलेला ‘सेट’

इंग्रजी ‘सेट’ मराठीतही येऊन बसला आहे. पण परक्या घरी राहायला आलेला शब्द आपले सगळे सामान बरोबर आणीत नाही. मराठीने त्याच्या शेकडो अर्थांतून चार-सहा अर्थ घेतले. दागिन्यांचा सेट, चित्रपटाचा सेट, टेनिसमधला सेट, स्लॅब सेट होणे. ‘मुलगा सेटल झाला’ ह्यातला ‘सेटल’ आसनवाचक जुन्या इंग्रजी शब्दातून आलेला, म्हणजे पुन्हा बसण्याच्याच कुळातला. त्याला आपण पूर्वी ‘बस्तान बसले’ म्हणत असू, म्हणजे अर्थ जिथल्या तिथेच आहे. ‘सेटिंग’ ह्या शब्दाला मात्र मराठी आणि हिंदी बोलण्यात गुपचूप केलेल्या जुळवाजुळवीचा जो वास आला आहे, तो आपल्याकडचा. प्राध्यापक होऊ इच्छिणारे तरुण ‘सेट’ देतात. तो ‘सेट’ राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा आहे आणि वरच्या दोन्ही घराण्यांशी त्याचा काही संबंध नाही. गुजरातसाठी ही परीक्षा आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ घेते, म्हणून बडोद्यात हा तिसरा ‘सेट’ विशेष परिचयाचा.

शिक्षकांना आणि पालकांना

शेवटी ज्यासाठी हा खटाटोप केला, ते सांगतो. बहुअर्थी शब्द शिकविताना प्रतिशब्दांची यादी देऊ नये, आधी शब्दाचे मूळ चित्र द्यावे. ‘सेट म्हणजे बसविणे’ हे एक चित्र मुलाच्या मनात उतरले, की त्याला पुढचे प्रश्न विचारता येतात. हिरा कसा बसवितात, सिमेंट कसे धरते, सूर्य कुठे जाऊन बसतो, वर्ष कसे बसते. त्याच्याच भाषेतली वाक्ये त्याने आणावीत आणि इंग्रजी वाक्यांशेजारी ठेवावीत. कुठे ‘बसविणे’ चालते, कुठे ‘लावणे’ लागते, कुठे ‘मांडणे’ किंवा ‘काढणे’, हे त्याने स्वतः ताडून पाहावे. अशा शब्दवहीचे एक पान पाठांतराच्या दहा पानांपेक्षा अधिक दिवस टिकते. मात्र ह्यासाठी मुलाच्या जवळ ‘घडी बसणे’, ‘जम बसणे’, ‘हात बसणे’ हे मराठी प्रयोग असावे लागतात. ते पुस्तकातून येत नाहीत, घरात मोठ्या माणसांच्या बोलण्यातून येतात. ज्या घरात ते बोलणे थांबले, त्या घरातल्या मुलाला इंग्रजीचा हा वाडा बाहेरूनच पाहावा लागेल.

ज्या गुरुजींच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांच्या शाळेत मराठी, गुजराती आणि इंग्रजी एकाच फळ्यावर लिहिल्या गेल्या. तो फळा पुसला जाऊ नये, एवढी विनंती संस्थाचालकांना आणि आपणा सर्व पालकांना करून मी आपली रजा घेतो.